तक्त्याची विस्मृती : स्तंभांचे प्रकार जपण्याचा इतिहास

भारताच्या जनगणनेत प्रत्येक राज्याला दोन अंकी क्रमांक दिलेला असतो. २००१ च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरचा क्रमांक ०१ होता, उत्तर प्रदेशाचा ०९, सिक्कीमचा ११, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०. अंकगणिताच्या लेखी ०९ आणि ९ एकच. जनगणनेच्या लेखी मात्र ०९ ही संख्या नव्हे. ते अंकांत लिहिलेले नाव आहे. त्यात कोणी दोन मिळवत नाही आणि त्याची सरासरीही काढत नाही.

राज्याच्या आत जिल्ह्यांनाही तेव्हा दोन अंकी क्रमांक होते. राज्याचा आणि जिल्ह्याचा क्रमांक शेजारी शेजारी लिहिला की प्रत्येक जिल्ह्याची चार अंकी खूण तयार होते. जम्मू-काश्मीरमधील बाराव्या क्रमांकाच्या जिल्ह्याची खूण ०११२, तर सिक्कीममधील दुसऱ्या क्रमांकाच्या जिल्ह्याची ११०२. आता ही माहिती वाचताना संगणकाने दोन्ही स्तंभ ‘संख्या’ मानले, तर पुढची शून्ये गळून पडतात. एकीकडे उरतात १ आणि १२. दुसरीकडे ११ आणि २. जोडल्यावर दोन्ही ठिकाणी ११२. हिमालयाच्या दोन टोकांचे दोन जिल्हे एकाच नावाखाली येतात. त्यांची लोकसंख्या, त्यांच्या शाळा, त्यांचे दवाखाने यांची बेरीज होते आणि संगणक एकही इशारा देत नाही.

तक्त्यातील मूल्य जपले तरी ते मूल्य कोणत्या जातीचे होते ही माहिती हरवू शकते. एखाद्या स्तंभात संख्या आहे, तारीख आहे, नाव आहे, वर्ग आहे की नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’, याला संगणकशास्त्रात त्या स्तंभाचा ‘डेटा प्रकार’ म्हणतात. हा प्रकार कोणी लक्षात ठेवायचा, माणसाने की तक्त्याने, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

छिद्रांची भाषा

यांत्रिक गणनेचा आरंभ सामान्यतः १८९० च्या अमेरिकी जनगणनेपासून मानला जातो. हर्मन हॉलरिथ यांनी त्या जनगणनेसाठी छिद्रित पत्रांची यंत्रणा उभारली. प्रत्येक व्यक्तीमागे एक पत्र आणि त्या पत्रावर ठरावीक जागी छिद्रे. पुढे १९२८ साली आयबीएमने ८० स्तंभांचे पत्र आणले आणि अनेक दशके तेच जगभरच्या माहितीचे वाहन झाले. आज ज्याला आपण तक्त्याचा ‘स्तंभ’ म्हणतो, त्या शब्दाला या पत्राच्या उभ्या रांगांचा स्पर्श आहे.

पत्राला मात्र केवळ छिद्राची जागा कळे. पंधराव्या आणि सोळाव्या स्तंभातील ४२ हे वय आहे, व्यवसायाचा क्रमांक आहे की घरातील धान्याचे माप, हे पत्रावर कोठेही लिहिलेले नसे. ते वेगळ्या संकेतपुस्तिकेत असे. उत्तर मिळाले नाही तर ९ किंवा ९९ लिहावे, असाही संकेत रूढ होता. पुस्तिका हाताशी असलेल्या माणसाला ९९ म्हणजे ‘माहिती नाही’ हे ठाऊक असे. यंत्राला ते नव्व्याण्णव वर्षांचे वय वाटे. सरासरी काढण्यापूर्वी ही पत्रे बाजूला काढण्याचे काम माणसाच्या सावधपणावर सोपवलेले होते.

भारतात ही परंपरा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कार्याशी जोडलेली आहे. त्यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० पासून त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशभरच्या कुटुंबांकडून खर्च, रोजगार, जमीन यांची माहिती फेरीमागून फेरी गोळा होऊ लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यास याच संस्थेत एचईसी-२एम हा देशातील पहिला अंकीय संगणक ब्रिटनमधून आला. यंत्रे बदलत गेली, पण पत्राची रचना मागे राहिली. नमुना पाहणीची कुटुंबनिहाय माहिती संशोधकांना दीर्घकाळ ठरावीक रुंदीच्या मजकूर फाइलींत मिळत आली आहे. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे अंकांची सलग माळ. कोणत्या जागेपासून कोणत्या जागेपर्यंत काय लिहिले आहे, हे सोबतच्या वेगळ्या आराखड्यात पाहावे लागते. आराखडा नसेल तर ती माळ निरर्थक. एका अर्थाने हॉलरिथचे पत्र आणि त्याची पुस्तिका अशा फाइलींत अजून जिवंत आहेत.

मोजमापाच्या चार पायऱ्या

प्रत्येक अंक सारखा नसतो, हा विचार १९४६ साली हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी ‘सायन्स’ नियतकालिकातील एका गाजलेल्या लेखात मांडला. त्यांनी मोजमापाचे चार प्रकार सांगितले. पहिला केवळ नावाचा. फुटबॉलपटूच्या अंगरख्यावरील क्रमांक हे त्यांनीच दिलेले उदाहरण. दुसरा क्रमाचा, त्यात आधी कोण आणि नंतर कोण एवढेच कळते. तिसऱ्यात अंतरे सारखी असतात, पण शून्य सोयीने ठरवलेले असते; सेल्सिअसमधील तापमान तसे आहे. चौथ्यात खरे शून्य असते, म्हणून ‘दुप्पट’ म्हणण्याला अर्थ येतो. लांबी आणि वजन त्यात मोडतात.

या वर्गीकरणावर पुढे बरेच वाद झाले. तथापि त्यातील मूळ गोष्ट टिकली : एखाद्या अंकावर कोणती क्रिया करता येईल, हे तो अंक कशातून आला यावर अवलंबून असते. स्तंभाचा प्रकार म्हणजे त्या उगमाची यंत्राला समजेल अशी नोंद.

संगणकभाषांनी ही नोंद आपापल्या परीने केली. १९५७ च्या फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे चल पूर्णांक मानले जात आणि उरलेले दशांश. हिशेबासाठी घडवलेल्या कोबोलमध्ये प्रत्येक रकान्याचे चित्रच आधी लिहून द्यावे लागे : इतकी अक्षरे, इतके अंक. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधारित माहितीसाठ्याच्या प्रतिमानात तर प्रत्येक स्तंभाला स्वतःचे मूल्यक्षेत्र असणे हा पायाच ठरला.

सांख्यिकीची अडचण वेगळी होती. तिचे गणित मॅट्रिक्सच्या भाषेत लिहिले जाई आणि मॅट्रिक्सचा नियम कडक आहे : आतील सर्व घटक एकाच जातीचे हवेत. प्रत्यक्षातील पाहणी मात्र तशी नसते. एका कुटुंबाच्या ओळीत गावाचे नाव, सदस्यांची संख्या, खर्चाचे रुपये, भेटीची तारीख आणि घरात वीज आहे की नाही, हे सारे शेजारी शेजारी बसते. गणिताला हवा असलेला चौकोन आणि जगाकडून येणारा चौकोन दिसायला सारखे असले, तरी त्यांची जात वेगळी होती.

एस, आर आणि ‘डेटा फ्रेम’

१९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ या सांख्यिकी भाषेचे काम हाती घेतले. विश्लेषकाला आपल्या माहितीशी थेट संवाद करता यावा, प्रत्येक प्रश्नासाठी लांबलचक फोरट्रान लिहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. या कामासाठी चेंबर्स यांना १९९८ चा एसीएमचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला.

१९९२ साली चेंबर्स आणि ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेला ‘स्टॅटिस्टिकल मॉडेल्स इन एस’ हा ग्रंथ आला आणि त्यात ‘डेटा फ्रेम’ ही रचना मांडली गेली. तिची कल्पना साधी आहे. बाहेरून पाहता ती मॅट्रिक्ससारखी दिसते, ओळी आणि स्तंभ असलेली. आतून मात्र ती स्तंभांची यादी असते. सर्व स्तंभांची लांबी सारखी हवी, पण प्रत्येकाची जात स्वतःची. जे ज्ञान पूर्वी संकेतपुस्तिकेत असे, ते आता तक्त्याच्या पोटात आले. माहिती नसेल तिथे ९९ लिहिण्याची गरजही उरली नाही. या परंपरेत ‘अनुपलब्ध’ असे स्वतंत्र चिन्ह असते आणि ते सरासरीत चोरपावलांनी शिरत नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘एस’च्या धर्तीवर ‘आर’ ही भाषा घडवली. ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. परवान्याचा खर्च नसल्यामुळे भारतासारख्या देशातील विद्यापीठांनाही ती सहज मिळू शकली. दिल्लीतील भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीपायन सरकार हे ‘लॅटिस’ या आलेखसंचाचे कर्ते असून आरच्या गाभा-चमूचे सदस्य आहेत.

सांध्यावर होणारी चूक

डेटा फ्रेमने प्रश्न सुटायला हवा होता. तो पुरता सुटला नाही, कारण प्रकार बहुधा हरवतो तो तक्ता बांधताना, सांध्यावर.

आरमध्ये वेगवेगळ्या मालिका शेजारी शेजारी चिकटवण्यासाठी ‘सीबाइंड’ हे फलन आहे. नवशिक्याला ते सर्वांत स्वाभाविक वाटते. स्थानकांच्या नावांची एक मालिका, पावसाच्या आकड्यांची दुसरी. चिकटवली की तक्ता झाला. परंतु सुट्या मालिका दिल्या की सीबाइंड डेटा फ्रेम नव्हे, मॅट्रिक्स बांधते. मॅट्रिक्सला एकच जात लागते. म्हणून भाषा सर्व घटकांना सामावून घेणारी जात शोधते. त्यासाठी एक उतरंड ठरलेली आहे : ‘हो-नाही’ला पूर्णांकात बसवता येते, पूर्णांकाला दशांशात आणि कशालाही अक्षरमालेत. एका स्तंभात नावे असतील, तर पावसाचे आकडेही अक्षरे होऊन बसतात. पडद्यावर १२० हे १२० सारखेच दिसते. फरक असतो तो भोवतीच्या अवतरणचिन्हांचा. त्या मॅट्रिक्सला मागाहून डेटा फ्रेमचा अंगरखा घातला, तरी गेलेली जात परत येत नाही.

२०२० पूर्वी या चुकीचे दुसरे, अधिक घातक पाऊल होते. डेटा फ्रेम बनवताना आर अक्षरमालेच्या स्तंभाचे आपोआप ‘फॅक्टर’मध्ये रूपांतर करी. फॅक्टर म्हणजे वर्गांचा स्तंभ. त्यात आतून प्रत्येक वर्गाला अनुक्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे नाव शेजारच्या यादीत ठेवलेले असते. उदाहरणादाखल तीन स्थानकांचा पाऊस १२०, ८५ आणि १०१० मिलिमीटर धरू. खरी सरासरी ४०५. आता हे आकडे आधी अक्षरे झाले, मग फॅक्टर झाले. वर्गांची यादी अक्षरक्रमाने लागली : आधी १०१०, मग १२०, मग ८५. विद्यार्थ्याने सरासरी मागितली, तेव्हा ‘हा स्तंभ संख्येचा नाही’ असा इशारा आला. त्याने सरळ उपाय केला आणि स्तंभ संख्येत बदलण्याची आज्ञा दिली. आरने आज्ञा पाळली आणि आतील अनुक्रमांक हाती ठेवले : २, ३, १. सरासरी आली २. या वेळी इशारा नाही. तीनच ओळी असतील तर ही चूक डोळ्यांना दिसते. तीन लाख ओळींत ती प्रबंधापर्यंत पोहोचू शकते.

हे आपोआप होणारे रूपांतर मूर्खपणाचे नव्हते. सांख्यिकी प्रतिमानांना वर्ग लागतात. स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असे स्तंभ समीकरणात घालायचे तर त्यांचे फॅक्टर व्हावेच लागते. जुन्या काळी तेच लांब मजकूर पुन्हा पुन्हा साठवण्यापेक्षा अनुक्रमांक साठवणे स्मृतीच्या दृष्टीनेही स्वस्त होते. पण भाषा प्रयोगशाळेबाहेर पडली. तिच्यात जनुकांची नावे, पत्ते, लोकांची मोकळी उत्तरे येऊ लागली. ती वर्ग नव्हती. शिवाय अक्षरक्रम प्रत्येक भाषेच्या मांडणीनुसार बदलतो. त्यामुळे एकाच फाइलीतून दोन संगणकांवर वर्गांची वेगळी क्रमवारी तयार होऊ शकत असे. विज्ञानात हे चालण्यासारखे नाही. अखेर एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आर ४.०.० या आवृत्तीने हा जुना शिरस्ता सोडला. आता अक्षरे अक्षरेच राहतात आणि फॅक्टर हवा असेल तर तो मागावा लागतो.

सीबाइंडचा मॅट्रिक्सधर्म मात्र कायम आहे आणि तो दोषही नाही. मॅट्रिक्स हवे असेल तेव्हा ते उत्तम साधन आहे. तक्ता हवा असेल तर प्रत्येक स्तंभ नाव देऊन थेट डेटा फ्रेममध्ये घालावा. माहिती एकेका ओळीने येत असेल, तर ओळ साध्या मालिकेत बांधू नये, कारण नाव आणि आकडा एका मालिकेत आले की आकड्याची जात तिथेच जाते. प्रत्येक ओळीची छोटी डेटा फ्रेम करावी, त्या एका यादीत साठवाव्यात आणि शेवटी एकदाच जोडाव्यात. डेटा फ्रेमवर ओळीगणिक ‘अप्लाय’ हे फलन चालवतानाही सावध राहावे लागते. ते तक्त्याचे आधी मॅट्रिक्स करते आणि तोच जुना प्रसंग पुन्हा उभा राहतो.

जनुकांची नावे बदलावी लागली

या विस्मृतीची सर्वांत ठळक किंमत जीवशास्त्राने मोजली. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी एक विचित्र दोष प्रसिद्ध केला. एक्सेल उघडताच काही जनुकांची नावे तारखा होत होती. ‘सेप्ट२’चे दोन सप्टेंबर झाले, अर्बुदरोधक मानले जाणारे ‘डेक१’ एक डिसेंबर झाले. ‘२३१०००९ई१३’ यासारख्या ओळखखुणेतील ‘ई’ला यंत्राने दहाचा घात समजून तिची एक अवाढव्य संख्या केली. तारीख एकदा बनली की आत केवळ दिवसांचा अनुक्रमांक उरतो. स्तंभ पुन्हा मजकूर केला तरी मूळ नाव मिळत नाही. मिळते एक पाच अंकी संख्या.

सूचना मिळूनही दोष पसरतच राहिला. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जनुकशास्त्रातील शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हा अशा याद्या असलेल्या सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक आढळली. शेवटी शास्त्रज्ञांनीच माघार घेतली. मानवी जनुकांचे नामकरण पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नवे दंडक प्रसिद्ध केले. त्याआधीच्या वर्षभरात २७ जनुकांची नावे बदलली गेली होती. ‘सेप्ट१’ आता ‘सेप्टिन१’ आहे, ‘मार्च१’ आता ‘मार्चएफ१’. हे आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

पायथनमधील ‘पांडाज’ची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचते. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या संचाने डेटा फ्रेमची कल्पना पायथनमध्ये आणली. त्याचा पाया असलेल्या ‘नमपाय’च्या पूर्णांक मालिकेत ‘अनुपलब्ध’ म्हणण्यासाठी जागाच नव्हती. त्यामुळे राज्य क्रमांकांच्या स्तंभात एक जरी जागा रिकामी असली, तरी पूर्ण स्तंभ दशांश होई आणि महाराष्ट्राचे २७ हे २७.० दिसू लागे. रिकामी जागा सांभाळणारा पूर्णांक प्रकार जानेवारी २०१९ च्या ०.२४ या आवृत्तीत आला.

स्वल्पविरामांची फाइल

आजही माहितीची देवाणघेवाण बहुतांशी स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलींतून होते. भारतातील सरकारी संकेतस्थळांवरील अनेक तक्ते याच रूपात मिळतात. ही फाइल कोणालाही उघडता येते, हा तिचा मोठा गुण. पण तिच्यात प्रकाराची नोंद नसते. जतन करताना सारे अक्षर होते आणि उघडताना प्रत्येक साधन आपापला अंदाज बांधते. अंदाज बहुधा बरोबर येतो आणि म्हणूनच तो चुकतो तेव्हा लक्षात येत नाही. पुण्याचा ०२० हा दूरध्वनी संकेतांक २० होतो. सोळा अंकी क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून उघडला तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण तिथे पंधरा अंकांपुढे अचूकता नाही. पिनकोड तेवढा बचावतो. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या सहा अंकी पद्धतीत पहिला अंक कधीच शून्य नसतो.

प्रकाराची नोंद सोबत वाहणाऱ्या फाइली आता उपलब्ध आहेत. २०१३ मधील ‘पार्के’ आणि २०१६ मधील ‘अ‍ॅरो’ या मुक्त स्वरूपांत प्रत्येक स्तंभाची जात फाइलीतच लिहिलेली असते. आर आणि पायथन दोन्ही ती वाचतात. हॉलरिथच्या पत्रापासून वेगळी पडलेली पुस्तिका अशा रीतीने पुन्हा माहितीला जोडली गेली आहे.

तरी शेवटचा निर्णय माणसाकडेच राहतो. ०९ हे नाव आहे की संख्या, हे कोणतेही यंत्र केवळ त्या दोन अंकांकडे पाहून सांगू शकत नाही. ते जनगणना जाणणाराच सांगू शकतो. म्हणून माहिती उघडताना ओळखखुणांचे स्तंभ अक्षर म्हणून वाचण्याची आज्ञा स्पष्टपणे द्यावी लागते आणि तक्ते जोडल्यावर प्रत्येक स्तंभाची जात पुन्हा पाहावी लागते. आरमध्ये त्यासाठी ‘एसटीआर’ ही तीन अक्षरांची आज्ञा आहे, पांडाजमध्ये ‘डीटाइप्स’. ती द्यायला काही क्षण लागतात आणि तेवढ्याने जम्मू-काश्मीरचा जिल्हा जम्मू-काश्मीरमध्ये राहतो.